घाटाच्या टप्प्यात नजर कुठे ठेवायची?

व्यावसायिक सायकल शर्यतींतल्या डोंगरी टप्प्यांबद्दल वाचकांकडून आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : सपाट रस्त्यावरचा शेवटचा स्प्रिंट ताशी साठ-सत्तर किलोमीटरने होतो, तेव्हा अंगावर काटा येतो. घाटात तेच खेळाडू ताशी वीसने चढतात. तरी जाणकार म्हणतात, खरी शर्यत घाटातच. त्यात बघायचं काय?

वेग उतरतो म्हणूनच ती बघण्यासारखी होते. सपाटीवर ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्याची जवळजवळ सगळी ताकद हवा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की त्यातला तिसरा हिस्सा तरी वाचतो, आणि मोठ्या घोळक्याच्या पोटात शिरलं तर त्याहून बराच जास्त. त्यामुळे थकलेला माणूसही सपाटीवर तासन् तास लपून राहू शकतो.

आता आठ टक्क्यांचा चढ घ्या, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. खेळाडू ६५ किलोचा, बाटली वगैरे धरून सायकल आठ किलोची, वेग ताशी २१ किलोमीटर. हिशेब केला तर साधारण ३९० वॅट लागतात. त्यातले ३३५ नुसतं वजन वर उचलण्यात जातात, पंधरा-वीस टायरच्या घर्षणात, आणि हवेच्या वाट्याला येतात जेमतेम पस्तीस-चाळीस. दुसऱ्याच्या मागे बसून यातले फार तर दहा-पंधरा वाचतील. आडोसा संपला! प्रत्येकाला आपलं वजन आपणच वर न्यायचं असतं, आणि ते जमत नसेल तर दोन मिनिटांत सगळ्यांना दिसतं.

आणखी एक गोष्ट. ताशी ७० किलोमीटरच्या वेगात दोघांमधलं शंभर मीटर अंतर म्हणजे पाच सेकंद. ताशी २१ने चढताना तेच शंभर मीटर म्हणजे सतरा सेकंद. तीन आठवड्यांची शर्यत कधीकधी मिनिटाच्या आत निकाली निघते, आणि घाटात ते मिनिट एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत डोळ्यांसमोर पसरलेलं असतं.

म्हणून नजर गटाच्या शेपटाकडे ठेवा. बहुतेक जण पहिल्या माणसाकडे बघतात, पण बातमी मागे तयार होत असते. आधी खांदे हलायला लागतात. मग एरवी स्थिर असलेलं डोकं प्रत्येक पायडलबरोबर डुलतं. मग पुढच्याच्या मागच्या चाकापासूनचं अंतर वीतभराचं हातभर होतं. खेळाडू सीटवरून उठून ते भरून काढतो, बसतो, आणि पुन्हा हातभर फट पडते. अशी फट तिसऱ्यांदा पडली की तो बहुतेक वेळा मागे पडतो. कॅमेरा तिथे पोचायच्या आधी हे तुमच्या लक्षात आलं, तर घाट वाचता यायला लागला म्हणायचं.

प्रश्न : एकाच संघाचे चार-पाच जण रांगेने पुढे ओढत राहतात आणि त्यांचा प्रमुख मागे निवांत बसतो. चाकामागे फायदा नसेल तर ही रांग कशासाठी? आणि सगळ्यांत ताकदवान खेळाडू पायथ्यापासूनच का सुटत नाही?

फायदा कमी आहे, शून्य नाही. चाळीस मिनिटांच्या चढावर दहा-पंधरा वॅट ही मोठी बचत असते, आणि समोरून वारा असेल तर ती आणखी वाढते. पण रांगेचं मुख्य काम दुसरंच आहे: प्रतिस्पर्ध्यांना हल्ल्याची संधीच न देणं. साहाय्यकाने वेग असा धरायचा की प्रतिस्पर्धी आपल्या टिकाऊ मर्यादेच्या अगदी काठावर राहतील. तिथून कुणी उसळी मारलीच, तर ती त्याला परवडत नाही.

उसळीचा हिशेब बघा. मघाच्याच खेळाडूने तीस सेकंद ५२० वॅट लावले तर वेग ताशी २६-२७ होतो आणि अंतर पडतं चाळीस-पन्नास मीटर, म्हणजे सात-आठ सेकंद. एवढ्यासाठी त्याने जी उधारी केली ती पुढच्या काही मिनिटांत फेडावी लागते. मागची रांग घाई न करता तोच वेग राखते आणि किलोमीटरभरात त्याला गिळते. जाणते साहाय्यक म्हणूनच हल्ल्यामागे धावत नाहीत.

पायथ्यापासून न सुटण्याचं कारणही हेच. जिंकणाऱ्याला बहुधा आधी दुसऱ्याचा खर्च वाढवायचा असतो. बघताना साहाय्यक मोजत चला. शेवटच्या घाटाच्या पायथ्याशी कुणाकडे किती माणसं आहेत, हा टूर द फ्रान्समधला फार बोलका आकडा. संघात आठ जण. त्यांतले दोन-तीन सपाटीवरचे धिप्पाड गडी, ते पहिल्या मोठ्या चढावर गळतात. शेवटी चार उरले तर संघ शर्यत चालवू शकतो. एकच उरला तर हल्ले सुरू होणार असं समजा. साहाय्यक बाजूला होतो तेव्हा तो अक्षरशः थांबल्यासारखा दिसतो. त्याने आपली टाकी तळापर्यंत रिकामी केलेली असते. त्याचं नाव निकालात चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकावर लागतं आणि तरी त्या दिवसाचं सर्वांत मोलाचं काम त्याने केलेलं असू शकतं.

प्रश्न : चढांची श्रेणी कशी ठरते? लाल ठिपक्यांची जर्सी मिळवणारा तो सर्वोत्तम घाटवीर का?

टूरमध्ये चौथ्या श्रेणीपासून पहिलीपर्यंत चढ अवघड होत जातात, आणि त्यावर ‘श्रेणीबाहेरचा’ असा वर्ग. लांबी, सरासरी चढ, उंची आणि टप्प्यात तो कुठे येतो हे पाहून आयोजक श्रेणी देतात. चौथ्या श्रेणीच्या माथ्यावर फक्त पहिल्याला १ गुण. श्रेणीबाहेरच्या माथ्यावर पहिल्या आठ जणांना २०, १५, १२, १०, ८, ६, ४ आणि २. या डोंगरी गुणांची स्पर्धा १९३३ पासून आहे, जर्सी १९७५ पासून. ती नेहमीच सर्वोत्तम घाटवीराच्या अंगावर असते असं नाही. एकूण वेळेत मागे पडलेला खेळाडू सकाळी आघाडी घेऊन, म्हणजे मुख्य घोळक्यातून पुढे निघून, पहिल्या तीन माथ्यांवरचे गुण गोळा करू शकतो. पिवळ्या जर्सीचे, म्हणजे एकूण वेळेत पहिला असलेल्याच्या जर्सीचे, दावेदार त्याला खुशाल जाऊ देतात.

प्रश्न : काल सगळ्यांना मागे टाकणारा खेळाडू आज अचानक कोलमडतो आणि पाच किलोमीटरमध्ये तीन मिनिटं गमावतो. एवढं अंतर इतक्या पटकन कसं पडतं? आणि मुळात असं होतं का?

अंतराचं गणित सोपं आहे. ३९० वॅटवरून कुणी ३०० वर आला, तर आठ टक्क्यांच्या चढावर त्याचा वेग ताशी २१ वरून साधारण १७ वर उतरतो. एका किलोमीटरला चाळीसेक सेकंद गेले, म्हणजे पाच किलोमीटरला तीन मिनिटांच्या वर. सपाटीवर असा माणूस कुणाच्या तरी मागे लपला असता. इथे प्रत्येक मीटरची किंमत चुकवावी लागते.

कारणं तीन, आणि बहुधा ती हातात हात घालून येतात.

पहिलं इंधन. ३९० वॅटला तासाला साधारण चौदाशे कॅलरी जळतात. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेली साखर चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी. चरबी भरपूर असते, पण ती इतक्या तीव्र मेहनतीला पुरेशा वेगाने जळत नाही. त्यामुळे खेळाडू पहिल्या तासापासून खात असतात: दर तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं, जेल, भाताच्या वड्या आणि बाटलीतल्या पेयातून. नुसतं ग्लुकोज आतड्यातून तासाला साठेक ग्रॅमच शोषलं जातं, म्हणून त्यात फ्रुक्टोज मिसळतात. ते वेगळ्या वाटेने शोषलं जातं. चुकतं ते इथे: थंडीत किंवा हल्ल्यांच्या गडबडीत दोन वेळा खायचं राहून गेलं, तर त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. तास-दीड तासाने, शेवटच्या घाटात, पाय रिकामे होतात. आणि तेव्हा जेल घेऊन ते सुधारायला वेळच नसतो.

दुसरं उष्णता. शरीर खर्चलेल्या ऊर्जेचा एक चतुर्थांशही भाग पायडलपर्यंत पोचवत नाही. बाकीची उष्णता होते. ३९० वॅटच्या कामामागे बाराशे वॅटहून जास्त, म्हणजे खोली तापवणाऱ्या हिटरइतकी. सपाटीवर वारा ती वाहून नेतो. ताशी वीसच्या वेगात वाराच नसतो. झिप उघडलेल्या जर्सी, डोक्यावर ओतलेलं पाणी, मानेमागे पायमोज्यात भरून ठेवलेला बर्फ हे सगळं त्यासाठी.

तिसरं उंची. दोन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण चार पंचमांश राहतो. फुप्फुसं तेवढ्याच जोराने चालतात, पण प्राणवायू कमी मिळतो.

२०२२ च्या टूरमधला अकरावा टप्पा या तिन्हींचा धडा आहे. पिवळी जर्सी तादेय पोगाचारकडे होती. योनास विंगेगोर आणि प्रिमोझ रोग्लिच या एकाच संघाच्या दोघांनी गालिबिएच्या चढावर, म्हणजे शेवटच्या घाटाच्या कितीतरी आधी, आळीपाळीने हल्ले केले. पोगाचारने प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर दिलं, आणि तेव्हा तो अभेद्य वाटत होता. बिल आलं २,४१३ मीटर उंचीच्या कोल द्यू ग्रानोनवर. विंगेगोर शेवटच्या पाच किलोमीटरच्या आत सुटला आणि माथ्यावर त्यांच्यात २ मिनिटं ५१ सेकंदांचं अंतर होतं. वर केलेलं गणित इथे तंतोतंत दिसतं.

पुढच्या वर्षी कोल द ला लोझवर पोगाचार पुन्हा कोलमडला. त्या दिवशी टप्प्याच्या सुरुवातीलाच तो पडला होता. विंगेगोरच्या मागे असलेली १ मिनिट ४८ सेकंदांची पिछाडी ७ मिनिटं ३५ सेकंदांवर गेली. त्या घाटात चढ सतत बदलतो. मध्येच सोपा पट्टा, मग वीस टक्क्यांहून उभी चढण. लय सापडतच नाही, आणि दमलेल्याला तिथे सावरायलाही जागा नाही.

प्रश्न : प्रमुख खेळाडू मागे असताना त्याचेच सहकारी सकाळच्या आघाडीत पुढे का जातात?

घाटांमधल्या दरीसाठी. दोन घाटांमध्ये दहा-वीस किलोमीटर सपाट किंवा हलक्या चढाचा रस्ता असतो, आणि तिथे हवेचं राज्य परत येतं. घाटात एकट्याने कमावलेली दीड मिनिटं या दरीत चार जणांचा पाठलाग सहज खाऊन टाकतो. पण माथ्याच्या पलीकडे ताजातवाना, दणकट सहकारी वाट बघत असेल, तर गणित उलटतं.

२०११ च्या टूरमध्ये आंडी श्लेकने इझोआरवर, शेवटाला साठेक किलोमीटर असताना, हल्ला केला. आघाडीत आधीच पाठवलेले त्याचे सहकारी योस्ट पोस्टुमा आणि माक्सिम माँफोर त्याला ओढायला तयार होते. गालिबिएच्या माथ्यावर तो एकटा पोचला. २०२५ च्या जिरो द’इटालियाचं, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीचं, उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. सायमन येट्स गुलाबी जर्सीपेक्षा (जिरोतल्या आघाडीवरच्या खेळाडूपेक्षा) १ मिनिट २१ सेकंदांनी मागे होता. विसाव्या टप्प्यात, कोले देल्ले फिनेस्त्रेच्या कच्च्या रस्त्याच्या घाटात तो सुटला. मागे गुलाबी जर्सीतला इसाक देल तोरो आणि रिचर्ड कारापाझ, पाठलाग कुणी करायचा यावरून एकमेकांकडे बघत राहिले. माथ्यापलीकडे येट्सला सहकारी वाउट व्हान आर्ट भेटला आणि त्याने दरीत त्याला ओढून नेलं. टप्पा संपला तेव्हा येट्सने देल तोरोपेक्षा पाच मिनिटांहून अधिक कमावली होती, आणि जिरो त्याची झाली. याच घाटात २०१८ साली गुलाबी जर्सीत असलेला येट्स कोसळला होता आणि ख्रिस फ्रूमने शेवटाला ८० किलोमीटर असताना हल्ला चढवून शर्यत फिरवली होती. एका रस्त्यावर एका माणसाचं असं वर्तुळ पूर्ण होताना पाहायला मिळणं दुर्मीळ.

टप्पा बघायला बसताना आघाडीत कोणत्या दावेदाराचा माणूस आहे ते आधी लिहून ठेवा. दुपारी ते उपयोगी पडतं.

प्रश्न : उतारावर शर्यत ठरते का, की तो नुसता धोका?

दोन्ही. पाय थांबलेले असतात, पण शर्यत थांबत नाही. ताशी ८०-९० किलोमीटरने वळणाकडे येताना ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच दाबायचे. बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर अशी रेघ धरायची. बाहेरचा पाय खाली, वजन त्यावर, नजर वळणाच्या सुटकेवर. वळणाच्या मध्यात घाबरून ब्रेक दाबला की टायरची पकड सुटते, आणि ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यावर ती आधी सुटते. चांगला उतरणारा एका लांब उतारावर वीस-तीस सेकंद कमावू शकतो. २०१६ च्या टूरमध्ये फ्रूमने पेरसूर्दच्या उतारावर सीट सोडून आडव्या दांडीवर बसून टप्पा आणि पिवळी जर्सी एकदम घेतली. अंतर फक्त तेरा सेकंद. तसं बसणं २०२१ पासून नियमाने बंद आहे.

माथ्यावर मदतनीस जॅकेट घेऊन उभे असतात. घामाने भिजलेला माणूस वीस मिनिटं न पायडलता उतरतो, तेव्हा पाय गार पडतात आणि पुढचा चढ सुरू होताच काहींना वेग धरता येत नाही. पूर्वी जर्सीत वर्तमानपत्र खुपसायचे. कागद छातीवरचा वारा अडवतो.

हा थरार मोजूनच घ्यावा. २०२३ च्या तूर द स्विसमध्ये आल्बुला खिंडीच्या उतारावर गीनो मेडर रस्त्याबाहेर गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. उतारावर कुणी वेग आवरला तर त्याला भित्रा म्हणू नये.

प्रश्न : घाटात चेन का पडते?

पुढची मोठी-लहान चकती बदलताना पायावर जोर असला की. उभं राहून पूर्ण ताकदीने पायडल मारत असताना डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) ताणलेली चेन ढकलावी लागते. ती अर्धवट चढते आणि चकतीबाहेर जाते. म्हणून जाणते खेळाडू गिअर बदलताना अर्ध्या फेऱ्यापुरता जोर सैल करतात. २०१० च्या टूरमध्ये पोर द बालेसच्या चढावर पिवळ्या जर्सीतल्या श्लेकची चेन हल्ल्याच्या क्षणीच घसरली. त्या दिवशी ३९ सेकंद गेले आणि जर्सी आल्बेर्तो कोंतादोरकडे गेली, आठ सेकंदांच्या फरकाने. पुढे २०१२ मध्ये कोंतादोरचं त्या टूरचं विजेतेपद रद्द होऊन श्लेकला मिळालं.

प्रश्न : सुट्टीत एकच टप्पा पूर्ण बघता येईल. कोणता निवडू? सर्वांत उंच घाट असलेला?

उंचीवर जाऊ नका, नकाशावर जा. एकच मोठा घाट आणि तोही शेवटी, तर सगळे त्याच्या शेवटच्या काही किलोमीटरपर्यंत थांबतात. दोन-तीन मोठे घाट लागोपाठ, मधली दरी छोटी, आणि शेवटून दुसरा घाट शेवटच्यापेक्षा अवघड, असा टप्पा निवडा. तिथे लांबून हल्ला करणाऱ्याला आशा असते. सहा-सात टक्क्यांचा एकसारखा चढ ताकदवान संघाच्या रांगेच्या सोयीचा, तर दहा टक्क्यांपुढचा आणि तुटक चढ एकट्याच्या. शर्यतीच्या तिसऱ्या आठवड्यातला टप्पा पहिल्या आठवड्यातल्यापेक्षा केव्हाही चांगला, कारण थकवा साठलेला असतो. लांबी फसवी असते: २०१८ च्या टूरमध्ये कोल द्यू पोर्तेवर संपलेला टप्पा अवघा ६५ किलोमीटरचा होता आणि पहिल्या किलोमीटरपासून चढ होता.

हवामानही आदल्या रात्री पाहा. २०१६ च्या टूरमध्ये मों व्हाँतूचा शेवट वाऱ्यामुळे माथ्यावरून खाली शाले रेनारला आणावा लागला. २०१९ मध्ये इझरांच्या पलीकडे गारपीट आणि दरड कोसळल्याने टप्पा तिथेच थांबवला आणि माथ्यावरच्या वेळा धरल्या. तिथे पुढे असलेल्या एगान बर्नालला पिवळी जर्सी मिळाली.

प्रश्न : पहिला आला की प्रक्षेपण संपल्यासारखंच. अर्ध्या तासाने येणाऱ्यांचं पुढे काय होतं?

त्यांची वेगळी शर्यत चालू असते. प्रत्येक टप्प्याला वेळमर्यादा असते: विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के. टक्का टप्प्याची अवघडता आणि विजेत्याचा सरासरी वेग यांवर ठरतो. समजा विजेत्याला पाच तास लागले आणि टक्का बारा असेल, तर ३६ मिनिटं मिळतात. त्याबाहेर गेलेला घरी जातो; पंचांनी अपवाद केला तरच वाचतो.

७५-८० किलोचे स्प्रिंटर म्हणून मागे एक गट बांधतात. त्याला ग्रुपेटो म्हणतात. त्यात अनुभवी माणूस हिशेब ठेवतो: चढावर किती गमवायचं, दरीत सगळ्यांनी मिळून किती भरून काढायचं, उतारावर किती धोका पत्करायचा. चढावर मुद्दाम सगळ्यांना पेलेल असा वेग धरतात, कारण एखादा मागे पडला तर दरीत त्याला एकट्याने हवा कापावी लागते आणि तो मर्यादेबाहेर जातो.

२०२१ च्या तीन्यच्या टप्प्यात पावसात सात जण बाहेर पडले, त्यात स्प्रिंटर आर्नो देमारही होता. मार्क कॅव्हेंडिश जेमतेम दीड मिनिट राखून सीमारेषेवर पोचला. त्याला दोन्ही बाजूंनी सहकारी घेऊन आले होते. त्याच टूरमध्ये त्याने एकूण चार टप्पे जिंकले आणि एडी मर्क्सच्या ३४ टप्प्यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. विजेता आल्यावर प्रक्षेपण अर्धा तास चालू ठेवा, कोपऱ्यातली वेळमर्यादेची मोजणी पाहा, आणि सीमारेषेवर येणाऱ्या त्या घोळक्यात कोणता सहकारी कोणासाठी मागे थांबला होता ते ओळखायचा प्रयत्न करा.